पंख कापू नका, आधी पंख्याचं बटण बंद करा

प्रश्न : आमच्याकडे सन कोन्यूर जातीचा पोपट आहे, राघू. यांनी दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आणला. पिंजरा आहे, पण दिवसभर तो घरात मोकळाच असतो. घरात मनी मांजर, दारात शेरू कुत्रा, अंगणात पंधरा-वीस कोंबड्या. मनी आणि राघू लहानपणापासून सोबत आहेत, एकाच ताटलीतून दूधभात खाल्लेला आहे. पण मागच्या आठवड्यात राघू खाली उतरून फुटाणे टिपत होता तर मनीने झडप घातली. शेपटीची दोन पिसं तिच्या तोंडात आली. राघू कवेलूखाली आड्यावर जाऊन बसला, दोन तास उतरला नाही. सासूबाई म्हणतात, पंख कापून टाका म्हणजे वळचणीला जाणार नाही. मुलगा म्हणतो, मोबाईलमध्ये दाखवतात तसा वावरात मोकळा उडवायला शिकवू. मांजर कुठे सोडून यावी का? काय करावं?
— एक गृहिणी, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, सगळ्यात आधी राघूला हातात घेऊन तपासा. पीस नुसतं उपटलं गेलं असेल तर काळजी नाही, दोन-अडीच महिन्यांत नवं येतं. भीती आहे ती दाताची आणि नखाची. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी ते रक्तात उतरतात आणि पक्षी एक-दोन दिवसांत जातो. पिसांखालचं ते भोक दिसत नाही, रक्तही येत नाही, म्हणून माणसं गाफील राहतात. शेपटीच्या बुडाशी, पाठीवर आणि पंखांखाली हलकी फुंकर मारा, पिसं बाजूला होतात आणि कातडी दिसते. सूज, खपली किंवा काळपट डाग दिसला तर आजच दाखवा. आठवडा उलटून गेला आहे. तो नेहमीसारखा खात-ओरडत असेल आणि विष्ठा नेहमीसारखी असेल तर या वेळचं संकट टळलं असं समजा.

पुढे कधी मांजरीचं तोंड लागलं, तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन अँटिबायोटिक सुरू करायचं. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने जागा धुवा. हळद-तेल लावू नका. तेलाने पिसं चिकटतात, पक्ष्याला अंगाची ऊब धरता येत नाही. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. बुटांच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी सुती कपडा घाला, राघूला त्यात अंधारात ठेवा आणि निघा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोज गाई-बैल येतात, पक्षी क्वचितच. म्हणून राघूचं वजन ग्रॅममध्ये सांगा, औषधाची मात्रा त्यावरच ठरते. तिथे जमत नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला दीड-दोन तासांवर आहे. फोन करून निघा.

यासाठी १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. सन कोन्यूर साधारण १०० ते १३० ग्रॅमचा असतो. दर आठवड्याला सकाळी, खाण्याआधी, वजन करून कॅलेंडरवर लिहा. पक्षी आजार लपवतो, पिसं फुगवून बसेपर्यंत उशीर झालेला असतो. वजन मात्र आधी उतरतं. दहावा हिस्सा कमी झाला की डॉक्टर गाठायचा.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांची काळजी खरी आहे, पण पंख कापू नका. राघू वाचला तो उडता आला म्हणूनच. पंख कापलेला पक्षी उडी मारतो आणि धपकन जमिनीवर येतो, म्हणजे नेमका मनीच्या उंचीवर. पडून छातीचं हाड फुटतं ते वेगळंच. कापलेली पिसं झडून नवी यायला कित्येक महिने जातात, आणि एवढे दिवस तो पळू न शकणारं सावज असतो. मांजर असलेल्या घरात पंख कापणं म्हणजे त्याच्या हातची काठी काढून घेणं.

मनीलाही कुठे सोडून येऊ नका. धान्याच्या घरात मांजर हवीच. शिवाय मनी गेली तरी कवेलूवरून शेजारची मांजर उतरेलच, आणि तिला तर राघू म्हणजे नुसतं पाखरू. मनीने दगा दिला असंही मनात आणू नका. ती राघूला ओळखते, पण जमिनीवर फडफडणारी, टुणटुण उड्या मारणारी वस्तू दिसली की पंजा आधी उठतो, ओळख मागून येते. दोन वर्षं काही झालं नाही याचा अर्थ एवढाच, की दोन वर्षं तो योग आला नव्हता. कोन्यूर नीट सांभाळला तर २०-२५ वर्षं जगतो. म्हणजे मनीच्या मागून या घरात आणखी एखादी मांजर येणार. घडी अशी बसवा, की कुठलीही मांजर आली तरी ती मोडणार नाही.

ती घडी दाराची आणि वेळेची आहे. राघू पिंजऱ्याबाहेर तर मनी घराबाहेरच्या सपरीत. मनी आत तर राघू पिंजऱ्यात. दोघं एका खोलीत मोकळे कधीच नाहीत, तुम्ही समोर बसला असलात तरी नाही. मांजरीची झडप अर्ध्या सेकंदाची असते, हात पुढे करायला तेवढा वेळ पुरत नाही.

उडण्यासाठी एकच खोली ठरवा. घरात स्लॅबची खोली असेल तर तीच. कवेलूच्या खोलीत वळचणीला आणि आड्याजवळ फटी असतात, तिथून तो बाहेर जातो आणि तिथूनच धामण किंवा नाग आत येतो. दुसरी खोली नसेलच तर वाशांच्या खालून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी सगळीकडून मारून घ्या. नायलॉनची किंवा हिरवी नेट चालत नाही, कोन्यूरची चोच ती आठवड्यात कातरते. जाळी शक्यतो स्टेनलेस स्टीलची घ्या. जस्त चढवलेली साधी जाळी घेतलीत तर तिच्यावर जस्ताचे जे खडबडीत थेंब असतात ते पक्षी चोचीने खरवडून खातो आणि त्याला विषबाधा होते. अशी जाळी तारेच्या ब्रशने आणि व्हिनेगरने दोन-तीनदा घासून, धुऊन, आठवडाभर उन्हात टाकून मगच लावा.

खोलीच्या दाराला बाहेरून त्याच जाळीची दुसरी चौकट बसवा. स्प्रिंग असू द्या म्हणजे आपोआप लागेल, कडी चार-साडेचार फुटांवर, खालची फट एका इंचाहून जास्त नको. आत जाताना आधी जाळीचं दार उघडा, आत या, ते लागू द्या, मग मुख्य दार. घरात चार माणसं असली की चूक होते ती इथेच, कुणीतरी पाणी प्यायला येतं आणि मागे मनी शिरते. म्हणून कडीला एक लाल चिंधी ठेवा. राघू मोकळा असला की ती बाहेरच्या कडीला बांधायची. चिंधी दिसली की दार ढकलायचं नाही, हाक मारायची. लहान पोरांनाही हे कळतं. आणि राघूला सोडण्याआधी मनी कुठे आहे ते डोळ्यांनी पाहायचं. "सपरीत असेल" हे चालत नाही; ती पलंगाखाली, गाद्यांच्या घडीमागे झोपलेली सापडते.

राघूला सोडण्याच्या अर्धा तास आधी मनीला भात-सुकट देऊन टाका. पोट भरलेली मांजर झोपते. म्हणून तिची शिकार सुटते असं नाही, पण जाळीला नाक लावून बसण्याचा हट्ट कमी होतो. जाळीपलीकडे ती बसलीच तर तिच्याकडे नीट पाहा. अंग जमिनीला चिकटलेलं, मागचे पाय पोटाखाली, शेपटीचं फक्त टोक हलतंय, दात कटकटकट वाजतात, डोळ्याची बाहुली मोठी झालेली. हे सगळं म्हणजे उडीची तयारी. ओरडू नका, पाणी फेकू नका. त्याने ती एवढंच शिकते की तुम्ही घरात असताना हे करायचं नाही. तिला उचला आणि सपरीत न्या. गळ्यातल्या घुंगरावरही विसंबू नका. दबा धरून चालणारी मांजर घुंगरू वाजू देत नाही.

पिंजरा अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच असावा, सळ्यांमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच. तो टांगू नका. टांगलेल्या पिंजऱ्यावर मांजर उडी मारते, पिंजरा गरगर फिरतो आणि पक्षी सळ्यांवर आपटतो. भिंतीला लोखंडी अँगल ठोकून त्यावर पक्का बसवा. मनी बाजूने पंजा घालू शकेल असा पाट, कोनाडा किंवा पोत्यांची थप्पी जवळ असेल तर पिंजऱ्याभोवती चार इंच अंतर सोडून दुसरी जाळी घ्या. रात्री पिंजरा बंद खोलीत, वर सुती कपडा. राघूला १०-१२ तास झोप लागते.

ताई, पत्रात तुम्ही एका गोष्टीचा उल्लेख केला नाही, आणि ती मनीपेक्षा भयंकर आहे : छताचा पंखा. फिरणारी पाती पक्ष्याला दिसत नाहीत, त्याला तिथे मोकळी जागा दिसते. आणि घाबरलेला पक्षी वरच जातो, तुमचा राघू गेला तसाच. बटण बंद, पाती पूर्ण थांबली, आणि मगच पिंजऱ्याचं दार, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. पंखा थांबायला अर्धा-एक मिनिट लागतो, तेवढं थांबायचं. राघू बाहेर असताना त्या बटणावर चिकटपट्टी लावा. लाईन गेलेली असताना तर नक्की लावा. भारनियमनात चालू राहिलेलं बटण कुणाच्या लक्षात नसतं, राघू पंख्याच्या दांडीवर बसलेला असतो आणि लाईन येते.

तुम्ही म्हणाल, मे महिन्यात ४५-४६ अंशात पंखा बंद करून राहायचं कसं? राहायचं नाही. उन्हाळ्यात त्याची उडण्याची वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात ठेवा, दिवे लागायच्या आधी आणखी अर्धा तास, बाकी दिवस पिंजऱ्यात. तेव्हा पंखा चालू द्या, कूलर चालू द्या, फक्त कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. कूलरच्या तोंडाला अर्ध्या इंचाची जाळी लावा, टाकीचं पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढा आणि मागच्या वर्षीच्या ताट्या पुन्हा वापरू नका. ओलसर जुन्या ताटीवरची बुरशी पक्ष्याच्या फुप्फुसात बसते आणि ती निघता निघत नाही. टिनाखाली दुपारी पिंजरा ठेवूच नका. राघू चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरून बसला असेल, तर त्याला ऊन लागतंय. सावलीत न्या, पाय साध्या पाण्याने ओले करा, प्यायला पाणी समोर ठेवा. बर्फाचं पाणी नको.

शेरूचं प्रकरण त्या मानाने सोपं. कुत्रं शब्दाला बांधील असतं, मांजर नाही. पहिला आठवडा शेरूला साखळीवर ठेवून राघूच्या पिंजऱ्यापासून दहा फुटांवर "बस" करवा. तो पोपटाकडे न बघता तुमच्याकडे बघेल त्या क्षणी भाकरीचा तुकडा. रोज पाच-सात मिनिटं पुरे. शांत राहिला तर दोन-दोन फूट जवळ आणा. कान ताठ करून टक लावली, अंग कडक झालं, की पुन्हा मागे. महिनाभरात तो पिंजऱ्याशेजारी आळस देत पडेल. तरीही राघू मोकळा असताना शेरू बाहेरच. इथे खोड कुत्र्याचीच असते असं नाही. कोन्यूर धीट असतो, झोपलेल्या कुत्र्याच्या नाकाला चावा घेतो, आणि कुत्रं झोपेत तोंड फिरवतं. तेवढ्याने संपतं.

एका ताटलीतलं जेवण आजपासून बंद. मांजरीची लाळ हे एक कारण आणि दूध हे दुसरं, पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही. फुटाणेही खारे नकोत. सूर्यफुलाच्या बिया पोटभर देत असाल तर त्या कमी करून भिजवलेले मूग, मटकी, ज्वारी, शेवग्याचा पाला, गाजर, कोहळं, हिरवी मिरची द्या. बिया बक्षिसासाठी राखून ठेवा, त्या पुढे लागणार आहेत.

कोंबड्यांशी राघूची गाठ पडूच देऊ नका, त्यांचं पाणी, दाणे, खुराड्याची धूळ काहीही नको. कोंबड्यांचा राणीखेत रोग पोपटालाही होतो. त्यासाठी कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीची लस टोचून घेता का, ते पाहा. कोंबड्यांत काम करून आलात तर हात धुऊन, चपला बाहेर काढून मगच राघूकडे जा. कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा आणि मनीलाही त्यांच्याजवळ फिरकू देऊ नका. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. तो रोग मांजरकुळाला सोडत नाही. कोंबडी कापल्यावर उरलेली कच्ची आतडी मनीला घालायची सवय असेल तर मोडा.

आता बोलावल्यावर येणं. हे शिकवलं की निम्मी भीती जाते, कारण आड्यावर बसलेला राघू मग दोन तास बसत नाही. सकाळी खाण्याआधी, पाच मिनिटं, आणि संध्याकाळी तेवढंच. हातात सोललेल्या आठ-दहा सूर्यफुलाच्या बिया. पहिल्यांदा दांडीवरून बोटावर एक पाऊल, एक शब्द ("ये राघू", नेहमी हाच आणि याच सुरात), एक बी. चार-पाच दिवसांनी बोट एक फूट लांब धरा, त्याला उडी घ्यावी लागेल. मग तीन फूट, मग सहा, मग खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला. एका अंतरावर दहापैकी आठ-नऊ वेळा न चुकता आला तरच पुढचं अंतर. चुकला तर रागावू नका आणि पकडायला धावू नका. पाठलाग केलेला पक्षी हाताला भिऊ लागतो आणि दोन महिन्यांची मेहनत वाया जाते. आला की लगेच पिंजऱ्यात टाकलं असंही नेहमी करू नका, नाहीतर "ये" म्हणजे "संपलं" असा अर्थ त्याला लागतो. पाचपैकी चार वेळा बी देऊन पुन्हा सोडा.

याच पद्धतीने खोलीत सात फुटांवर दोन ठरलेल्या दांड्यांवर बसायला शिकवा, म्हणजे तो जमिनीवर उतरत नाही. दांडी कडुनिंबाची किंवा पेरूची, अर्धा ते एक इंच जाड, सालीसकट. कपाशीची पऱ्हाटी किंवा तुरीची तुराटी मात्र चघळायलासुद्धा देऊ नका, तिच्यावर हंगामभर फवारे बसलेले असतात. कण्हेर, रुई आणि बेशरम तर विषारीच. फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय राघूला खांद्यावर घ्यायचं नाही.

चूल पेटलेली असताना तो स्वयंपाकघरात नको. तापल्या तव्यावर उतरला तर पाय जातात. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, माणसाला वासही जाणवत नाही. मच्छर अगरबत्ती, धूप त्याच्या खोलीत नकोत. रांजण, बादली, हौद झाकलेले असू द्या. ओला झालेला पक्षी काठावर चढू शकत नाही.

मुलाला सांगा, त्याची हौस समजते. पण वावरात मोकळं उडवण्याचं काम घरात शिकून जमत नाही. मोबाईलमध्ये दिसतात त्या पक्ष्यांना पिल्लू असल्यापासून महिनोन् महिने मोकळ्या रानात रोज शिकवलेलं असतं, आणि त्यांचेही पक्षी हरवतात. ते मात्र दाखवत नाहीत. आपल्याकडे दुपारी आकाशात घार आहे, झाडात शिक्रा आहे, गावभर कावळे आहेत, आणि पिवळा-केशरी राघू त्यांना अर्ध्या मैलावरून दिसतो. मुलाला हवं तर मनी आणि शेरूला आत बंद करून राघूचा पिंजरा रोज सकाळी पंधरा मिनिटं अंगणात ठेवू दे आणि त्याने स्वतः शेजारी बसावं. ऊन मिळतं, आणि राघूला आपलं घर बाहेरून कसं दिसतं हे कळतं. ही ओळख पुढे उपयोगी पडते.

कागदांचंही पाहा. कोन्यूर परदेशी पक्षी असला तरी २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. खरेदीची पावती जपा, नोंदणी राहिली असेल तर वन विभागाच्या कार्यालयात विचारून करून घ्या. नात्यातलं कुणी राघूला जोडी म्हणून आपला हिरवा पोपट आणून देईल तर घेऊ नका. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, पाळणं गुन्हा आहे.

एवढं करूनही राघू एखाद्या दिवशी बाहेर गेलाच, तर मागे धावू नका. कुठल्या झाडावर बसला ते एका माणसाने नजर न हलवता बघत राहायचं, दुसऱ्याने पिंजरा आणायचा. पिंजरा उंचावर, शक्यतो स्लॅबवर, दार उघडं, आत त्याची वाटी आणि बिया. मनी आणि शेरू कोंडलेले. मग तोच शब्द, त्याच सुरात, थोड्या थोड्या वेळाने. पाळलेल्या पक्ष्याला वर चढता येतं, पण उंचावरून तिरकं खाली उतरायची सवय नसते, म्हणून वेळ लागतो. अंधार पडला तर बॅटरी मारू नका, झाड लक्षात ठेवून घरी या आणि उजाडायच्या अर्धा तास आधी पिंजरा घेऊन त्याच झाडाखाली उभे राहा. रात्रभराची भूक असते, बहुतेक पक्षी त्या पहिल्या तासाभरात उतरतात.